मुलाखतीतल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून जावं का? (डिप्लोमा मेकॅनिकल, एक वर्ष गॅप)

पाठ करू नका. गॅपचं उत्तर तर अजिबातच नको. तुम्ही विचारलंय की 'स्वतःबद्दल सांगा', 'वीकनेस काय', 'पाच वर्षांनी कुठे असाल', 'पगार किती हवा' यांची तयार उत्तरं कुठे मिळतील आणि गॅप लपवावी का. तयार उत्तरं काय, ढिगाने पडलीयेत सगळीकडे. वांधा तोच आहे.

मी चाकणला क्वालिटीत आहे, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, आणि गेली चार वर्षं ट्रेनी घ्यायचे असले की एचआरच्या शेजारी मला बसवतात. एका दिवसात पंधरा-वीस पोरं. सगळे हार्डवर्किंग, सगळे पंक्च्युअल, आणि वीकनेस विचारला की झाडून सगळे परफेक्शनिस्ट. एवढे परफेक्शनिस्ट खरंच असते तर आमची रिजेक्ट पीस टाकायची लाल बिन दर शिफ्टला भरली नसती.

पण मला त्यांना हसता येत नाही, कारण 2013 ला मी पण हेच करून बसलोय.

माझी गॅप अशी, की 2012 ला डिप्लोमा झाला आणि त्याच पावसाळ्यात, म्हणजे पावसाळा कसला, पाऊस नव्हताच, वडिलांचा गाडीवरून पडून ॲक्सिडेंट झाला, मांडीत रॉड. आमची तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. त्या दुष्काळात टँकरने पाणी घालून बाग जगवली लोकांनी, आम्ही पण. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत मीच होतो बागेत. मग जूनमध्ये पुण्यात आलो, भोसरीत कॉट बेसिसवर, आणि माझा मावसभाऊ, आमचा दादा, तो हिंजवडीला आयटीत, त्याने माझी तयारी घ्यायचं मनावर घेतलं.

त्याचं म्हणणं, 'शेती केली म्हणून सांगितलंस तर दारातनंच परत पाठवतील, गॅप दिसायलाच नको.' त्याने बायोडाटात लिहिलं, कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये एक वर्ष ट्रेनी. आणि इंग्रजीत दोन पानं लिहून दिली, ती मी रात्री गच्चीवर फेऱ्या मारत पाठ केली. आरशासमोर उभं राहून हात कसे ठेवायचे ते सुद्धा. मी म्हटलं दादा, मी त्या वर्कशॉपच्या गेटच्या आत पण गेलो नाहीये. म्हणे, 'कोण बघायला जातंय.'

कुणी बघायला गेलं नाही, खरंय. मुलाखत घेणारे साहेब पन्नाशीचे होते, शर्टाच्या खिशाला पेन आणि सहा इंची स्टीलची पट्टी. मी सुरू केलं, माय सेल्फ अमुक अमुक, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून म्हणाले, हां, बोल पुढे. मला पुढचं आठवेना. पाठ केलेल्याचं असं असतं, मधनं धरता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून माय सेल्फ. ते हसले नाहीत, तेवढं बरं. मग मराठीत म्हणाले, कुपवाडला काय करत होतास? शाफ्ट टर्निंग, मी म्हटलं. रोज किती पीस निघायचे?

एवढा साधा प्रश्न. तिथे खरंच काम केलेला माणूस झोपेतून उठवला तरी सांगेल. मी म्हटलं, पाचशे. ते म्हणाले, एका मशीनवर? मी म्हटलं, नाही, दोनशे. पुढे त्यांनी त्यावर काही विचारलंच नाही, ड्रॉवरमधनं व्हर्निअर, म्हणजे जबड्यात पीस धरून बारीक माप घ्यायचं ते, काढला आणि एक पीस, म्हणाले ड्रॉइंगला 25 आहे, प्लस-मायनस 0.05, बघ ओके आहे का. मी मोजलं, 24.96. म्हटलं ओके सर. त्यांनी माझ्या हातातला व्हर्निअर घेतला, जबडे मिटवून माझ्यासमोर धरला. शून्यावर शून्य नव्हतं, व्हर्निअरची तिसरी रेघ जुळत होती. लीस्ट काउंट, म्हणजे एका रेघेचं माप, 0.02, म्हणून 0.06 ची झिरो एरर. ती वजा केली की खरं माप 24.90. पीस रिजेक्ट, आणि मी पास करून टाकलेला.

मोजायच्या आधी झिरो बघायचा हे मला येत नव्हतं असं नाही हो, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचं आहे ते. पण माझं सगळं डोकं ती दोन पानं सांभाळण्यात आणि कुपवाड सांभाळण्यात अडकलेलं. तयारी मी केली होती, पण जिथे परीक्षा होती तिथली केलीच नव्हती. बाहेर आलो आणि चाकणच्या तळेगाव चौकात वडापाव खात दादाला फोन केला, तर म्हणे 'तू कॉन्फिडन्सने बोलला नसशील.' यावरून आमचं जे वाजलं ते अजून वाजतंय, कुणाचं लग्न असू दे की बारसं.

दुसऱ्या ठिकाणी मी बायोडाटातनं कुपवाड काढलं. गॅप विचारली तेव्हा सांगितलं, वडील पडले, बाग केली. ते म्हणाले बागेत तू नेमकं काय केलंस? मग मी सुटलोच. मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्यात बुडवतात त्या डिपिंगला किती पीपीएम, पाणी किती, घड विरळणी, आणि मण्याची साईज कशी बघायची तर 16 आणि 18 एमएमची भोकं असलेली पट्टी असते, मणी भोकातनं गेला की बारीक. ते म्हणाले, अरे मग हा आपला पीस पास-नापास बघायचा गेजच झाला की. मी म्हटलं हो सर, फक्त इथे गेलेला मणी नापास. त्यावर ते हसले आणि दहा मिनिटं द्राक्षावरच गेली. नोकरी लागली. आता त्या द्राक्षांमुळेच लागली असं मी म्हणत नाही, त्यांना नाईट शिफ्टला माणूस पाहिजे होता आणि मी भोसरीत एकटा राहत होतो, हे पण आहे.

तर तुमचे प्रश्न. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर वडील काय करतात, छंद काय, हे कुणालाही नको असतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घ्या आणि त्यात तुम्ही स्वतः हाताने काय केलं तेवढं सांगा, ग्रुपने काय केलं ते नको. पुढचे प्रश्न तिथूनच निघतात, म्हणजे पेपर तुम्हीच सेट केल्यासारखं. वीकनेस एखादा खरा सांगा, छोटा. एका पोराने मला सांगितलं की सर माझं अक्षर इतकं घाण आहे की रिपोर्ट मलाच वाचता येत नाही, म्हणून मी कॅपिटलमध्ये लिहितो. घेतला आम्ही त्याला. पाच वर्षांनी कुठे असाल, याचं उत्तर मला आज पण येत नाही, तो प्रश्न एचआरच्या फॉर्मवर आहे म्हणून विचारतात.

पगाराचं मात्र घरून ठरवूनच जा. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हुरळू नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कुठे कुठे कँटीन आणि बसचे पण पैसे धरलेले असतात. सरळ विचारा, हातात किती येणार, आणि कंपनीच्या रोलवर घेताय की कॉन्ट्रॅक्टरच्या. हे विचारल्यामुळे मी अजून कुणाला नापास केलेलं नाही, उलट न विचारणारी पोरं महिन्याभरात सोडून जातात.

आता एक कबूल करतो, इंग्रजीची फारच भीती असेल तर पहिली दोन वाक्यं पाठ करा. दोनच. जीभ सुटते. आणि हे सगळं मी शॉप फ्लोअरच्या नोकरीचं सांगतोय, बँक किंवा आयटीत वेगळं चालत असेल, दादा तिथे पंधरा वर्षं टिकलाय म्हणजे त्याचं तिकडे बरोबर असेलही. फक्त चाकणला नाही.

दादाचा मुलगा आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याने मला बायोडाटा पाठवला, कुठे चिकटतंय का बघ काका म्हणून. खालून तिसरी ओळ, सहा महिने अनुभव, भोसरीतलं एक वर्कशॉप. फाँट बघूनच ओळखलं कुणी बनवलाय ते. मी त्याला एवढंच विचारलं, तिथे रोज किती पीस निघायचे रे? काल सकाळीच निळी टिक आलीये, उत्तर अजून नाही.