बाई, आधी खडूचं बोलू

पत्र थोडक्यात असं आहे:

«ताई, मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय 43. दोन वर्षांपासून पाळीत खूप अंगावर जातं. आठ-नऊ दिवस चालतं, गाठी पडतात. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, गाठ आहे, उद्या कॅन्सर झाला तर काय, काढूनच टाका. रिपोर्टमध्ये बल्की युटेरस, 3 सेंमीचा इंट्राम्युरल फायब्रॉइड, नाबोथियन सिस्ट आणि उजव्या ओव्हरीत 2.5 सेंमीची सिस्ट असं लिहिलंय. थोरल्या बहिणीची पिशवी काढली आहे, ती म्हणते, सुटशील. सासूबाईंना सणावाराला माझी अडचण होते. मिस्टर समजूतदार आहेत, म्हणाले, तुझं शरीर आहे, तू ठरव. माझ्याकडे दहावीचा वर्ग आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकू की मे महिन्यापर्यंत थांबू, एवढंच सांगा. आणि एक, मुलगी मला हसते. वर्षभरापासून खडूचे तुकडे खायची सवय लागलीय. वाईट दिसतं, पण सुटत नाही.»

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या दोन ओळींपाशी अडकले. तुम्ही ऑपरेशनची तारीख विचारताय आणि मला तुमच्या हातातला खडू दिसतोय.

ही सवय नाही. खडू, पाटीची पेन्सिल, माती, भिंतीचा पोपडा, बर्फ, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटणं, आणि खाल्ल्याशिवाय चैन न पडणं, याला डॉक्टर पायका म्हणतात. अंगातलं लोह संपत आलं की अनेकींना ही ओढ लागते. असं का होतं ते पूर्ण उलगडलेलं नाही, पण लोह भरून आलं की ती बहुतेकींची आपोआप थांबते. मन घट्ट करून सोडायची ही गोष्टच नव्हे. तुम्ही वर्षभर स्वतःला बोल लावत राहिलात आणि शरीर तेवढा काळ हाका मारत राहिलं.

माझी आई तांदूळ निवडायला बसली की मूठभर तरी तोंडात टाकायची. आम्ही भावंडं तिला चिडवायचो. एकदा नळावर हंडा उचलताना चक्कर येऊन पडली, तेव्हा कुणीतरी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेपाच. तीही पाळीबद्दल एवढंच म्हणायची, ‘चाळिशी आली की जातं बायकांच्या अंगावर.’ तुमच्या मुलीचं हसणं वाचून मला आमचं ते चिडवणं आठवलं आणि पोटात कालवलं.

तुम्ही गणिताच्या बाई, तेव्हा हिशेबच मांडू. 1 मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत 80 मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं की वैद्यकात तो अतिरक्तस्राव धरतात. म्हणजे महिन्याला 40 मिलिग्रॅम लोह गेलं. शरीराचा रोजचा साधा खर्च मिलिग्रॅमभर असतो, तो महिन्याचा 30. एकूण खर्च 70. आणि आपल्या जेवणातून आतडी शोषतात दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला 30 ते 60. हे 80 मिलीचं गणित. आठ-नऊ दिवस गाठींसह जातं, म्हणजे तुमचं त्याच्याही वर असणार. दोन वर्षं दर महिन्याला तूट. वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा, शिल्लक किती उरेल.

आता मला सांगा, सोनोग्राफी झाली, पिशवी काढायचं ठरलं, सुट्टीही निवडायला घेतली, पण तुमच्या पत्रात हिमोग्लोबिनचा आकडा कुठे आहे? रिपोर्टमधली सिस्ट तुम्ही सेंमीसकट लिहिलीत. हा आकडा लिहिला नाहीत, कारण तो तुमच्याकडे नाहीच, अशी माझी खात्री आहे. राग येतो मला याचा. तुमच्यावरही थोडा येतो. उत्तरपत्रिकेत अर्ध्या गुणासाठी तुम्ही मुलाला बोलावून विचारत असाल, आणि स्वतःच्या बाबतीत उदाहरणातली पहिलीच पायरी गाळून उत्तर लिहायला निघालात.

म्हणून माझं सांगणं एकच. उद्या सकाळी शाळेत जायच्या आधी लॅबमध्ये जा आणि रक्त द्या. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यातच हिमोग्लोबिन कळतं, आणि फेरिटिन, सोबत थायरॉइडची टीएसएच. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं आजचं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. डब्यात पीठ दिसत असलं तरी कणगी रिकामी असू शकते, म्हणून दोन्ही बघायचं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, 8 च्या खाली तो तीव्र. थायरॉइड एवढ्यासाठी, की ती ग्रंथी मंदावली तरी पाळी वाढते, आणि तेव्हा दोष पिशवीचा नसतो. हा रिपोर्ट हातात येईपर्यंत ऑपरेशनची तारीख हा विषय बंद. पुढे समजा ऑपरेशन करावंच लागलं, तरी रक्त इतकं पातळ असताना टेबलावर जाण्यात धोका जास्त. आधी ते भरून घ्यायचं असतं.

लॅबमध्ये एकट्या जाऊ नका, मिस्टरांना घेऊन जा. ‘तुझं शरीर, तू ठरव’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण त्यात त्यांनी स्वतःच्या अंगाला काहीच लावून घेतलेलं नाही. दोन वर्षं महिन्यातले नऊ दिवस बायको घरात पांढरीफटक फिरते आणि नवऱ्याला विचारावंसं वाटत नाही की जिना चढताना थांबतेस का? याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. रिपोर्ट त्यांनी आणावा, गोळ्यांच्या वेळा त्यांनी लक्षात ठेवाव्यात. आणि सासूबाईंच्या सणावारापायी कुणी पोटातला अवयव काढत नाही. हे घरात तुम्हाला बोलता येत नसेल, तर माझं नाव सांगून बोला.

आता त्या रिपोर्टमधले शब्द, कारण तुम्हाला घाबरवलंय ते त्यांनीच. बल्की युटेरस म्हणजे पिशवी नेहमीपेक्षा मोठी दिसते, बस. ते मोजमाप आहे, रोगाचं नाव नाही. ‘पिशवीला सूज’ हाही असाच ढोबळ शब्द. आपल्याकडे निम्म्या बायकांना तो ऐकवला जातो आणि त्यातून नक्की काय झालंय ते काहीच कळत नाही. नाबोथियन सिस्ट म्हणजे पिशवीच्या तोंडाशी साठलेला चिकट द्रवाचा फोड, अगदी निरुपद्रवी. तिला विसरून जा. ओव्हरीतली अडीच सेंमीची सिस्ट पाळी चालू असलेल्या बाईत बहुतेक वेळा त्या महिन्याच्या बीजाचीच असते. दोन-तीन पाळ्यांनंतर पुन्हा सोनोग्राफी केली की सहसा दिसतही नाही.

राहिला फायब्रॉइड. पिशवीच्या स्नायूतली ही गाठ इतकी सर्रास असते, की पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या पिशवीत लहानमोठी एखादी तरी असते. कित्येकींना ती आहे हे कधी कळतही नाही. कॅन्सरशी तिचा संबंध जवळजवळ नाहीच, अशा गाठीत कॅन्सर निघणं हजारात एकीच्याही खालची गोष्ट. ही गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनवर पोसते आणि पाळी थांबली की आक्रसते. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 ला जाते, तुम्ही 43 च्या. गाठ कुठे आहे यावर रक्तस्राव ठरतो. अस्तराच्या बाजूला पोकळीत डोकावणारी सबम्युकस गाठ छोटी असली तरी खूप त्रास देते, बाहेरच्या अंगाची सबसेरस मोठी असूनही गप्प बसते. तुमची इंट्राम्युरल, म्हणजे भिंतीतली. ती पोकळीला दाबतेय का, हा विचारायचा प्रश्न आहे. आणि पाळीत पोट जबर दुखत असेल तर अॅडिनोमायोसिस आहे का, तेही विचारा. त्यात पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरतं, पिशवी फुगते आणि दर पाळीला आतल्या आत ठणकते. बल्की युटेरसच्या मागे पुष्कळदा हेच असतं.

कॅन्सरची शंका डॉक्टरांना खरंच असेल, तर ती तपासायची रीत आहे. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सी करतात, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. चाळिशीनंतर असं अंगावर जात असेल तर ही तपासणी करून घेतलेली बरी. गर्भाशयाच्या मुखासाठी पॅप स्मिअर वेगळी. ‘उद्या झाला तर’ या धाकावर काढलेल्या पिशव्यांचं काय होतं हे आपल्या राज्याने पाहिलंय. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. त्या बायकांना मजुरीचा खाडा परवडत नव्हता. तुम्हाला पगारी रजा आहे, दुसऱ्या डॉक्टरकडे जायला एसटी आहे, रिपोर्ट वाचता येतो. तुम्ही तरी घाईने होकार देऊ नका.

पिशवी काढणं वाईट असं माझं म्हणणं नाही. काही जणींना तोच इलाज लागतो, तुमच्या बहिणीला लागला असेल. पण तो पहिला इलाज नाही. पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची गोळी आहे, मात्र पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. हॉर्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी मिरेना आहे. ती पिशवीत बसवली की अनेकींचा रक्तस्राव काही महिन्यांत अगदी थोड्यावर येतो आणि ती वर्षानुवर्षं चालते. गाठ पोकळीत असेल तर दुर्बिणीने तेवढीच काढता येते. यातलं काय काय करून बघितलं, हे डॉक्टरांना विचारा. आणि पिशवी काढायचीच ठरली तर ओव्हरी ठेवणार का, हे आधी विचारून घ्या. 43 व्या वर्षी दोन्ही ओव्हरी गेल्या तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो आणि हाडं, हृदय लवकर कमकुवत होतात.

लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या. आधी-नंतर तास-दीड तास चहा नको, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आकडा वर आला म्हणून थांबू नका, कणगी भरायला पुढचे तीनेक महिने लागतात. पोटाला गोळ्या सोसल्या नाहीत किंवा आकडा फारच खाली निघाला तर शिरेतून लोह देतात. आणि या पाळीत तासाला एक पॅड भिजतंय असं सलग दोन तास झालं, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लॅब नको, शाळा नको, सरळ दवाखाना गाठा. दहावीचा वर्ग कुणीतरी सांभाळेल.

मुलीला जवळ बसवून सांगा की आई खडू का खाते. तिचीही पाळी सुरू झाली असेल. तिचंही हिमोग्लोबिन त्याच दिवशी करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका-मुली रक्तक्षयाच्या निघाल्या, 54.2 टक्के.

परवापर्यंत रिपोर्ट हातात येईल. मला लांब पत्र नको, तुम्हा दोघींचे आकडे तेवढे लिहून पाठवा.