किंगपिनचा खेळ, तुटणारे पाटे आणि ‘सगळंच बदला’ म्हणणारा मिस्त्री

ऊसहंगाम तोंडावर आला की या सदराकडे ट्रकमालकांची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांतली बहुतेक पुढच्या एक्सलची आणि पाट्यांची आहेत. सारख्या प्रश्नांपैकी एकेक निवडून उत्तरं दिली आहेत. पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या, किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती, आणि खेळ म्हणजे जोडातला ढिलेपणा.

माझा सहाचाकी ट्रक २०१३ चा आहे, साडेसहा लाख किलोमीटर झालेत. स्टेअरिंग वीतभर फिरवल्याशिवाय चाक हलत नाही, आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेनं खातोय. मिस्त्री म्हणतोय, किंगपिन, टायरॉड, ड्रॅगलिंक, स्टेअरिंग बॉक्स सगळंच बदला. एवढा खर्च करावाच लागेल का?
— ट्रकमालक, कागल

कदाचित लागेल, पण खेळ नेमका कुठं आहे ते बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८ व्या नियमानं स्टेअरिंग व्हीलला जास्तीत जास्त ३० अंश खेळ चालतो. ४५० मिलिमीटरच्या व्हीलवर कडेला मोजलं तर ते साधारण १२ सेंटिमीटर होतं. तुमची वीत त्याच्या पुढं जाते, म्हणजे पासिंगलाही गाडी अडणार.

तपासणी दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात गाडी जमिनीवरच, चाकं सरळ, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एक माणूस केबिनमध्ये बसून व्हील थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहील. दुसऱ्यानं खाली स्टेअरिंग कॉलमच्या क्रॉसपासून सुरुवात करून बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा दांडा), ड्रॅगलिंकची (त्याला चाकाकडच्या आर्मशी जोडणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, स्टेअरिंग आर्म, टायरॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन टोकं या क्रमानं प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. बोट अर्धं जोडाच्या एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर हवं. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला लगेच कळतो. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तरच दोष बॉक्सचा. त्याआधी बॉक्स ज्या बोल्टांनी चासीला आवळलाय त्यांच्या डोक्यांभोवती तांबूस भुकटी दिसते का बघा. दिसली तर बॉक्स मुळातच ढिला आहे. आतलं काही न बिघडताही एवढ्यानंच व्हीलला खेळ येतो.

दुसरा टप्पा किंगपिनचा. मागच्या चाकांना लाकूड लावा, जॅक एक्सल बीमखाली घ्या, स्टँड द्या. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला की मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ही एवढी साधी गोष्ट न केल्यानं कितीतरी गाड्यांचे किंगपिन उगाच ठोकून काढले जातात. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचला. स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो, किंगपिनवर वळणारा भाग) बीमवर वर-खाली होत असेल तर वजन झेलणारं थ्रस्ट बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) गेलेत. डायल गेज असेल तर बुशापाशी (पिन ज्यात फिरते त्या नळीपाशी) मोजा. तिथं पाव मिलिमीटरच्या वर खेळ असेल तर किंगपिन सेट काढायचाच.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय किंगपिनवरच आहे. बुश झिजले की वजनानं चाकाची वरची बाजू आत झुकते आणि टायर आतून खातो. टो (पुढची दोन्ही चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते माप) बिघडला असता तर बहुधा दोन्ही टायर खाल्ले असते आणि रबरावर हात आडवा फिरवल्यावर एका दिशेला करवतीसारखी धार लागली असती. तुमचा एकच टायर जातोय.

किंगपिन बदलायचा तर दोन्ही बाजूंचा. पूर्ण सेटमध्ये दोन पिना, चार बुश, दोन थ्रस्ट बेअरिंग, शिम, कॉटर (पिन बीममध्ये घट्ट धरणारी खुंटी) आणि सील येतात. टायरॉडचं एक टोक गेलं असेल तर दोन्ही टोकं बदला, कारण दोघांचं आयुष्य सारखंच झालेलं असतं. ड्रॅगलिंक ठीक असेल तर राहू द्या. बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावा. आणि बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून खेळ ‘काढून’ देणाऱ्यापासून लांब राहा. जोडांचा खेळ त्यानं जात नाही, उलट बॉक्स मधोमध जड होतो आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर किंगपिन टर्न करून मिळते, बाजारातल्या सेटपेक्षा बरीच स्वस्त. ती वापरावी का? बुश तर सगळेच तिथं बनवून घेतात.
— वाहतूकदार, शिरोली

बुश बनवून घ्या, पिन नको.

पिनेचं काम दोन परस्परविरोधी गोष्टी मागतं. पृष्ठभाग इतका कडक हवा की बुश झिजेल पण पिन झिजणार नाही, आणि गाभा इतका चिवट हवा की खड्ड्यात आदळल्यावर मोडणार नाही. म्हणून कंपनीची पिन केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक) करून, मग ग्राइंडिंग करून येते. लेथवर साध्या ईएन ८ पोलादाच्या बारमधून काढलेली पिन मऊ असते, एका हंगामात तिला खाच पडते. हे टाळायला कुणी ती आरपार कडक करून दिली तर ती ठिसूळ होते. मऊ पिन निदान खेळ दाखवून आधी सावध करते, ठिसूळ पिन काहीही न सांगता तुटते. शॅकल पिनलाही (पाट्याचं टोक झुलत्या दुव्याला, म्हणजे शॅकलला जोडणारी पिन) हेच लागू.

पण आपल्याकडच्या मशीन शॉपचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, आणि तो फार कमी लोक करून घेतात. सेटमधले बुश प्रेसनं बसवल्यावर ते आतून किंचित आवळतात, म्हणून रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) मारावा लागतो. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळे, आपापल्या बाजूनं रीम केले तर दोन्हींची मध्यरेषा जुळत नाही. पिन जाते, पण वाकडी बसते, आणि नवा सेट काही महिन्यांत पुन्हा खडखडतो. पायलट (रीमर सरळ ठेवणारा पुढचा भाग) असलेला लांब रीमर एकाच दमात दोन्ही बुशांतून गेला पाहिजे. तेल लावलेली पिन हातानं दाबून सरकली की माप बरोबर. हातोडा लागला तर घट्ट आहे, स्वतःच्या वजनानं खाली पडली तर सैल. बुश दाबताना त्याचं ग्रीसचं भोक स्टब एक्सलच्या निपलसमोर आलंय याची खात्री करा. नाहीतर ग्रीसगन कितीही मारली तरी आत काही जात नाही. थ्रस्ट बेअरिंगची झाकलेली बाजू वर ठेवा, म्हणजे चिखलपाणी आत उतरत नाही.

बीमचं भोकही बघा. जुन्या गाडीत कॉटर ढिला राहून पिन बीममध्येच फिरलेली असते, आणि भोक अंडाकृती होतं. मग नवी पिनही ढिलीच राहणार. अशा बीमला बोअर करून ओव्हरसाइज पिन घालायची की बीमच बदलायचा, हे मोजमाप करून ठरवावं. वेल्डिंग करून भोक भरणं हा तिसरा पर्याय सुचवला जातो. तो आम्हाला मान्य नाही.

स्टब एक्सल हातात आलाच आहे तर भेगा तपासून घ्या. गोकुळ शिरगाव, शिरोली भागात कास्टिंग-फोर्जिंगचं काम करणाऱ्या ज्या शॉपकडे मॅग्नाफ्लक्सची (चुंबकानं भेगा दाखवणाऱ्या तपासणीची) सोय आहे तिथं हे काम थोड्या वेळाचं. नसेल तर डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे आणा. भाग स्वच्छ करून लाल द्रव मारा, १०-१५ मिनिटं मुरू द्या, पुसा, मग पांढरा डेव्हलपर मारा. चाकाचा दांडा जिथं मुख्य अंगातून निघतो त्या गोलाईत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, तर तो भाग भंगारात. भंगारातून आणलेला स्टब एक्सल किंवा ड्रॉप आर्म न तपासता कधीच बसवू नका.

टायरॉड एंड कंपनीचाच घ्यावा की बाजारातला चालतो? डुप्लिकेट कसा ओळखायचा?
— चालक-मालक, हातकणंगले

कंपनीच्या खोक्यातले बरेच पार्ट सुट्या भागांच्या कारखान्यांतूनच येतात. स्टेअरिंगच्या जोडांत राणे, पाट्यांत जमना ही नावं त्यातलीच, आणि त्यांचा माल स्वतःच्या खोक्यातही मिळतो. तो बिनदिक्कत घ्या. नको आहे तो निनावी माल.

खोकं नकलीही असतं, म्हणून पार्टच बघा. अंगावर पार्ट नंबर आणि बॅचची खूण ठसलेली हवी, नुसतं स्टिकर नको. जुना एंड सोबत न्या. पिनेचा निमुळता भाग, आट्यांचा व्यास आणि लांबी जुळवा, डावी-उजवी आटी वेगळी असते हे विसरू नका. बसवण्याआधी निमुळत्या भागावर मार्किंग ब्लू लावून आर्मच्या भोकात दाबून फिरवा. निळा रंग सगळीकडे सारखा उठला तर टेपर बसला. एका कडेलाच उठला तर पिन आत हलत राहील आणि आर्मचं भोक खाईल.

नट मापात आवळल्यावर स्प्लिट पिनेची खाच जुळली नाही तर नट पुढं आवळायचा, कधीही मागं सोडायचा नाही. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालू नका. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. आटी टायरॉडच्या नळीत चिरेच्या पुढपर्यंत गेलेली हवी, नाहीतर क्लॅम्प आवळूनही पकड येत नाही. आधी सांगितलेल्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोपी असणं आणि पिना-बोल्ट लॉक असणंही सक्तीचं आहे. फाटकी टोपी ही नुसती दिसायची उणीव नाही, तिथून माती आत गेली की जॉइंटचे दिवस भरलेच.

झिजलेला जॉइंट तपासताना पहार लावू नका, चांगल्या जॉइंटलाही पहारेनं खेळ दिसतो. दोन्ही हातांनी जोर लावून वर-खाली हलवा. दीड मिलिमीटर किंवा जास्त हलला तर बदलायला घ्या, तीनच्या घरात गेला तर गाडी जागेवरून हलवू नका.

ऊस भरायचा म्हणून मागं दोन पाटे जादा टाकलेत. तरी मुख्य पाटा वर्षात दोनदा तुटला. पाट्याची क्वालिटीच घसरलीय का?
— ट्रकमालक, शिरोळ

पाटा कुठं तुटला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर त्यातच आहे. मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) ढिले होते. टोकाला, डोळ्याजवळ तुटला असेल तर शॅकलचा बुश ग्रीसविना जाम झालाय, पाटा फिरण्याऐवजी वाकतोय. या दोन्हींच्या मध्ये तुटला तर ओव्हरलोड आणि शेतातला रस्ता. मोडका तुकडा टाकून देऊ नका, तुटलेला पृष्ठभाग बघा. एका कडेला गंजलेला काळसर पट्टा आणि बाकी चकचकीत दिसला, तर भेग कित्येक दिवस आधीच पडलेली होती.

यू-बोल्ट पाट्यांबरोबर नवे घ्या, सोबत नट आणि जाड वॉशरही. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. वजन पाट्यांवर असताना, तिरप्या क्रमानं, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या मापाला आवळा, पाइप अडकवून नाही. आणि भरल्या गाडीनं पहिले ५०० ते १००० किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. हे दुसरं आवळणं जवळपास सगळेच विसरतात. यू-बोल्ट ढिला राहिला की सेंटर बोल्ट कापला जातो, एक्सल मागंपुढं सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते.

पाट्यांच्या क्लिपा जागेवर आहेत का? गाडी उसळून पाटे उलटे उघडतात तेव्हा या क्लिपाच इतर पाट्यांना कामाला लावतात. त्या गळून पडल्या की सगळा झटका एकट्या मुख्य पाट्यावर येतो.

आता जादा पाट्यांबद्दल. त्यांनी गाडी वाकायची थांबते, पण वजन कुठंच जात नाही. आधी पाटे झेलत होते ते आता हँगर (पाटे चासीला टांगणारे कंस) आणि चासीचे रिव्हेट झेलतात. रिकामी गाडी मागून उंच राहते, नाक खाली जातं, पुढच्या एक्सलचा कॅस्टर (किंगपिनचा मागं झुकलेला कोन) कमी होतो आणि रिकाम्या परतीच्या फेरीत स्टेअरिंग भरकटतं. पॅराबोलिक (मधे जाड, टोकांना पातळ) पाटे असतील तर त्यात साधा पाटा घुसवणं म्हणजे पाटे मोडायचं आमंत्रणच. दोन्ही बाजूंचे पाटे नेहमी एकाच बनावटीचे आणि एकदमच बदला. जुन्याला घण मारून कमान आणून देणारे भेटतात. वरून कमान दिसते, पण थकलेलं पोलाद ताजं होत नाही.

पुढचे पाटे नवे बसवले आणि तेव्हापासून स्टेअरिंग वळणावरून परत येत नाही.
— चालक, गगनबावडा मार्ग

पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचरीसारखी एक पट्टी असते, ती उलटी बसली असणार किंवा बसवायचीच राहिली असणार. पाटे एक्सलच्या वर असलेल्या गाडीत पाचरीची जाड बाजू मागं असली की कॅस्टर वाढतो, पुढं असली की कमी होतो. जुनी पट्टी मिस्त्रीकडे पडलेली असेल तर ती मागून घ्या. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्याच कोनाच्या हव्यात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

शॉकअपशिवाय ट्रक चालतोच की. मग बदलायचे कशाला?
— वाहतूकदार, जयसिंगपूर

पुढचे बदलाच. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर उड्या मारतं, टायरवर ठिकठिकाणी बशीसारखे खळगे पडतात आणि आत्ताच घातलेल्या किंगपिन बुशांवर ते ठोके बसतात. तेल गळून अंग ओलं झालं असेल तर जोडीनं बदला. नुसता धुळीचा पातळ थर चिकटलेला असेल तर घाई नको. नवा बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, आतली हवा निघून जाते.