‘जेल होईल का?’ या भीतीआड राहून गेलेली तारीख

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न मला सतत येतो: "मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर आता जेल होणार म्हणे, खरं का?" अशा विधेयकाची बातमी आली की त्या आठवड्यात फोन वाढतात. म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पतीची जोडीदार म्हणून, राहणारी एक तरुणी. झोप उडालेली, दाराची बेल वाजली तरी दचकायची, टपाल उघडायचंच सोडून दिलेलं.

"ताई, मला पकडून नेतील."

"कुठली नोटीस आली आहे का?"

"नाही. पण कायदा येतोय ना!"

"तुमच्या आय-94 वर तारीख कोणती आहे?"

बराच वेळ ती गप्प राहिली. "पाहिली नाही. धीरच होत नाही."

आय-94 म्हणजे अमेरिकेत प्रवेश करताना होणारी सरकारी नोंद; मुक्काम कधीपर्यंत, ती तारीख तिच्यावर असते. झालं होतं ते असं. भारतातून परतताना तिचा पासपोर्ट संपत आला होता. अशा वेळी विमानतळावरचा अधिकारी बहुधा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचीच तारीख देतो. पतीच्या मंजुरीपत्रावर, म्हणजे आय-797 वर, पुढची दोन वर्षं दिसत होती. हिचं आय-94 मात्र जुन्या पासपोर्टबरोबरच संपलं. पासपोर्ट नवा केला की तेही आपोआप वाढतं, असा घरच्यांचा समज होता. ते वाढत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर हे उघड झालं आणि त्या दिवसापासून ती फक्त बातम्या वाचत राहिली.

पुढच्या भेटीत मी तिला कागदावर दोन रकाने आखायला लावले. एकात आज लागू असलेला कायदा, दुसऱ्यात नुसता प्रस्ताव. प्रस्तावाचा रकाना भराभर भरला. मे 2023 मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या एच.आर. 2 या विधेयकात मुदत उलटून राहण्याला बेकायदा प्रवेशासारखाच गुन्हा ठरवण्याची तरतूद होती: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत. सिनेटने ते मंजूर केलं नाही. दोन्ही सभागृहांच्या मंजुरीशिवाय असा प्रस्ताव कायदा होत नाही, आणि मागच्या कृत्याला नव्याने शिक्षा लावायला अमेरिकी राज्यघटनेचीच मनाई आहे. अर्थात कायदा झाल्यावरही राहत गेलात, तर तो भाग मागचा उरत नाही.

आजच्या कायद्याचा रकाना मात्र कोरा होता. तिथे मी लिहायला सांगितलं: नुसतं जास्त राहणं हा आज फौजदारी गुन्हा नाही, पण हद्दपारी होऊ शकते आणि त्यासाठी ताब्यातही घेता येतं. बेकायदा वास्तव्य 180 दिवसांपेक्षा जास्त झालं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा अधिक झालं, तर दहा वर्षं. 1996 च्या कायद्यापासून हे लागू आहे.

मग सरकारच्या आय-94 संकेतस्थळावर तिनेच नोंद काढली. नव्या पासपोर्टचा क्रमांक टाकल्यावर काही सापडेना; प्रवेशाच्या वेळचा जुना क्रमांक टाकला, तेव्हा तारीख समोर आली. तिने बोटांवर मोजलं.

"एकशे अठरा."

"म्हणजे किती उरले?"

"बासष्ट." आणि पहिल्यांदाच तिचा आवाज स्थिर झाला. "ताई, मी नसलेल्या कायद्याला घाबरत बसले आणि असलेल्या कायद्याचे दिवस जात होते."

हे वाक्य तिने स्वतः उच्चारावं, म्हणून मी त्या भेटीत फार थोडं बोलले. घटना माणसाला जेवढी हतबल करते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दलची ठाम समजूत करते, असं मी मानते. ‘घाबरू नका’ म्हणून ती समजूत हटत नाही. तिला पुराव्यासमोर उभं करावं लागतं.

त्याच आठवड्यात ती इमिग्रेशन वकिलाकडे गेली. दोन वाटा होत्या. उशिरा का होईना, मुक्काम वाढवून मागण्याचा आय-539 अर्ज भरून असाधारण कारण मांडायचं. पण तो मंजूर होईपर्यंत दिवस चढतच राहतात आणि नामंजूर झाला तर 180 ची रेषा ओलांडलेली असू शकते. किंवा वेळेत देश सोडून मायदेशातल्या वकिलातीत नवा व्हिसा मागायचा, कारण मुदत उलटली की पासपोर्टवरचा जुना व्हिसा रद्द ठरतो. तिने दुसरी वाट धरली आणि 140 व्या दिवशी निघाली.

हाच हिशेब सर्वांना लागू नाही. विद्यार्थ्यांच्या आय-94 वर तारखेऐवजी ‘डी/एस’ (विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोपर्यंत) असेल, तर मोजणी वेगळी. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस राहता येतं, पण आय-94 त्याआधी संपत असेल तर तेवढेच. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी मुक्काम आय-94 वरच्या तारखेपर्यंतच. परदेशवारीहून परतलात की त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाचं आय-94 काढून पाहा, लहान मुलांचंही.

निघण्याआधी तिचा शेवटचा फोन आला. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात ‘कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का?’ असा प्रश्न असतो. "तिथे ‘नाही’ लिहिलं तर चालेल का, असं घरचे म्हणताहेत." मी सांगितलं, व्हिसासाठी जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीची बंदी तीन किंवा दहा वर्षांत संपत नाही, ती कायमची असते. तिने ‘होय’ लिहिलं, खाली कारण दिलं आणि जुन्या पासपोर्टची व आय-94 ची प्रत मुलाखतीला बरोबर नेली. व्हिसा मिळाला.