अंगणवाडीतल्या मुलांच्या पालकांना नेमकं कशात सहभागी करून घ्यावं?

पालकांना सभेला बसवण्यापेक्षा मुलासोबत घरी रोज पंधरा मिनिटं करायची एकच कृती द्या आणि ती आधी अंगणवाडीत त्यांच्याकडूनच करून घ्या. ३ ते ६ वर्षांचं मूल अंगणवाडीत जेमतेम काही तास असतं. बोलणं, मोजणं, ऐकणं वाढतं ते घरच्या माणसांशी बोलण्यातून. वेगळं साहित्य लागत नाही. भाकऱ्या थापताना आईने विचारावं, "किती झाल्या? मोठी कुठली?" आजीने गोष्ट अहिराणी, कोरकू, जी घरची बोली असेल तिच्यातच सांगावी. मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" म्हणावं आणि उत्तरासाठी खरंच थांबावं; घाईत मोठेच उत्तर देऊन टाकतात. चिंचोके, खडे मोजायला उत्तम, पण ३ वर्षांखालच्या भावंडांच्या हाती नकोत, घशात अडकतात. बापांना वगळू नका. त्यांच्यासाठी वेळ संध्याकाळची ठेवा. "लिहायला कधी शिकवणार?" असं पालक हमखास विचारतात. पाटी गिरवून घेण्याआधी बोटांत ताकद यावी लागते, म्हणून शेंगा सोलणं, कणीक मळणं सुचवा. मात्र ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडून रोजची अपेक्षा धरू नका; निघण्याआधी दोन-तीन गाणी, गोष्टी पाठ करून घ्या.