टेक्सासला येताय आणि बाळाचा विचार आहे, तर हे आधी वाच

तू लिहिलंस की नवऱ्याची बदली डॅलसजवळ प्लेनोला झालीये, वर्षभरात बाळाचा विचार आहे आणि मागच्या वर्षी पुण्यात तुझं एकदा मिसकॅरेज झालंय. मग विचारलंस, ‘तिथे गर्भपाताला बंदी आहे म्हणतात, पण आम्हाला तर मूल हवंच आहे. मग आमचा काय संबंध?’ ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय. संबंध आहे गं. मी ११ वर्षं इथे आहे आणि मूल हवं असतानाच माझी या कायद्याशी गाठ पडली.

२४ जून २०२२ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३चा निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा विषय राज्यांच्या हातात गेला. (तो जुना खटला इथलाच. वेड म्हणजे डॅलस काउंटीचे तेव्हाचे सरकारी वकील.) टेक्सासने कायदा आधीच करून ठेवला होता, तो २५ ऑगस्ट २०२२पासून लागू झाला. किती आठवड्यांपर्यंत चालतं, हा प्रश्नच इथे उरलेला नाही, पहिल्या दिवसापासून बंदी. बलात्कारातून गर्भ राहिला तरी सूट नाही, बाळ जगणारच नाही इतकं व्यंग असलं तरी नाही. आईच्या जिवाला धोका असेल, किंवा तिच्या शरीराचं एखादं महत्त्वाचं कार्य मोठ्या प्रमाणात बिघडण्याची गंभीर भीती असेल, तरच. शिक्षा डॉक्टरला होते: ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप, वर किमान १ लाख डॉलर दंड, आणि लायसन्स जातं. बाईवर या कायद्याने गुन्हा दाखल होत नाही. हे पक्कं लक्षात ठेव, कारण व्हिसाच्या धास्तीने रक्तस्राव होत असताना घरात बसून राहिलेली मुलगी मी पाहिली आहे.

आपल्याकडे १९७१पासून कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतं, काही कारणांसाठी २४पर्यंत, आणि गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड त्यापुढेही परवानगी देऊ शकतं. म्हणून ॲनॉमली स्कॅनला (बाळात काही व्यंग आहे का ते पाहणारी सोनोग्राफी) जाताना आपल्याला भीती असते ती रिपोर्टची. इथे रिपोर्टनंतर काय, याचीही असते. डॅलस भागातल्या केट कॉक्स दोन मुलांच्या आई. २०२३मध्ये तिसऱ्या गरोदरपणात बाळाला ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा जीवघेणा दोष असल्याचं निघालं. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, आणि निकाल येण्याआधीच त्यांना उपचारासाठी राज्याबाहेर जावं लागलं. ऑस्टिनच्या अमांडा झुरावस्की यांचं १८व्या आठवड्यात पाणी गेलं. बाळ वाचणार नव्हतं, पण ठोके चालू होते म्हणून डॉक्टर थांबले, आणि त्यांना सेप्सिस (जंतुसंसर्गातून होणारी जीवघेणी अवस्था) झाला. त्या वाचल्या. आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार मात्र २०१२मध्ये आयर्लंडमध्ये अशाच वाट बघण्यात गेली, १७ आठवड्यांची गरोदर होती. तेव्हा मी सांगलीत होते. तिचा पेपरातला फोटो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात स्कॅनमध्ये ठोके नव्हते. गर्भ आधीच गेलेला असेल तर तो काढणं म्हणजे गर्भपात नव्हे, असं इथल्या कायद्यातच लिहिलंय. तरी आठ दिवसांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करू, असं डॉक्टर म्हणाल्या. आठ दिवस मी ते पोटात घेऊन ऑफिसला गेले. मग मिसोप्रोस्टॉलची, म्हणजे गर्भाशय रिकामं करणाऱ्या (गर्भपातालाही वापरतात त्याच) गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी नवरा फार्मसीच्या खिडकीशी गाडी लावून उभा, आणि आतून विचारणा, ‘हे कशासाठी?’ चिठ्ठीवर निदान लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांचं ऑफिस बंद झालेलं. गोळ्या सोमवारी दुपारी हातात आल्या. आई व्हिडिओ कॉलवर सारखी विचारत होती, ‘अगं, तिथे डॉक्टर नाहीत का?’ डॉक्टर होते. चांगले होते. घाबरलेले होते.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सरळ विचार: ‘ठोके थांबले तर किती दिवसांत काय करता? पाणी लवकर गेलं तर?’ उत्तर गोलगोल आलं तर डॉक्टर बदल, गरोदर राहण्याआधीच. एक्टोपिकवरचे, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला तर त्यावरचे, उपचार कायद्याने गर्भपातात धरलेले नाहीत, तेव्हा पोटात एका बाजूला दुखलं तर क्षणभर थांबू नकोस. २०२५च्या जूनमध्ये दुरुस्ती झाली, जीव अगदी जाण्याच्या टोकाला येईपर्यंत थांबायची गरज नाही असं त्यात स्पष्ट केलंय. त्याने फरक पडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण त्याच्या भरवशावर तू राहू नयेस. चिठ्ठी घेताना तिच्यावर निदान लिहिलंय का, ते तिथेच उभं राहून वाच.

इन्शुरन्सचं नवऱ्याला ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारायला लाव. प्लॅन ‘सेल्फ फंडेड’ (म्हणजे उपचारांचे पैसे कंपनी स्वतः भरते असा) आहे का, हा प्रश्न एचआरला विचारायचा. तसा असेल तर त्याला राज्याचे इन्शुरन्सचे नियम बहुतेक लागत नाहीत, आणि काही कंपन्या दुसऱ्या राज्यात उपचाराला जायचा खर्चही देतात. गर्भपात करावाच लागला तर जवळचा पर्याय न्यू मेक्सिको राज्य. अल्बुकर्की इथून साधारण ६५० मैल, विमानाने दोन तासांच्या आत. कॅन्सासचं विचिटा गाडीने साडेपाच-सहा तास, तिथे मर्यादा २२ आठवड्यांची आहे. दुसऱ्या राज्यात जाऊन उपचार घेतले म्हणून बाईवर इथे गुन्हा होत नाही. पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत जवळ ठेव, एल पासोच्या बाजूने गेलीस तर रस्त्यात बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात.

पुण्याहून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट बॅगेत घालून आणायचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. ऐकू नकोस. ४ डिसेंबर २०२५पासून इथे अशा गोळ्या पुरवणाऱ्यावर कोणीही किमान १ लाख डॉलरचा दावा लावू शकतं. गोळी घेणारी बाई त्यातून वगळली आहे, पण तुला मदत करणाऱ्या मैत्रिणीचं काय? गर्भनिरोधक गोळ्या, कॉपर टी, दुसऱ्या दिवशीची गोळी, हे सगळं इथे कायदेशीर आहे, ती शेवटची तर दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.

मागच्या मिसकॅरेजचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि रक्तगटाचा कागद हँडबॅगेत आण, चेक-इनच्या सामानात नको. निगेटिव्ह रक्तगट असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का, तेही डॉक्टरांकडून लिहून घे. आणि पहिल्या भेटीला सोबत कुणी हवं असेल तर कळव. माझा मंगळवार मोकळा असतो, प्लेनो माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.