शाफ्ट तिसऱ्यांदा बॅलन्स करू नका, आधी कोन मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जुनी फोर बाय फोर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम ८० इंच. पाटे घरीच ॲक्सलच्या खालून काढून वर घेतले, ३१ इंची टायर घातले, आणि आता ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या दरम्यान बुडाखालून घुमल्यासारखा आवाज आणि थरथर येते. मागचा शाफ्ट (इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलला पोचवणारा फिरता दांडा) दोनदा बॅलन्स करून झाला, तरी फरक नाही. आता तिसऱ्यांदा करू की नवा शाफ्ट घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझ्या गाडीचं तंतोतंत हेच झालं होतं, आणि मी तिसऱ्यांदाही बॅलन्स केला होता.

लांब ब्रेक होज, नवे यू बोल्ट, स्टिअरिंगची दांडी वर घेणं हे तुम्ही केलंच असेल असं धरून चालतो. एकच सांगतो: जुने यू बोल्ट परत वापरले असतील तर आजच बदला. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही.

तुमच्या मजकुरात मधेच एक वाक्य आहे, ‘पेडल सोडलं की आवाज बदलतो’. सगळं त्या वाक्यात आहे. बॅलन्स बिघडलेल्या शाफ्टला तुमचं पेडल कुठे आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तो वेगावर थरथरतो. पेडल दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, म्हणजे जोर बदलला की ॲक्सल जागच्या जागी पीळ खातोय, पिनियनचं (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचं) तोंड वर-खाली होतंय, आणि क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या जोडाचा) कोन बदलतोय. बॅलन्स बिघडला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात एक झटका बसतो, कोन चुकला तर दोन. ३१ इंची टायर आणि ॲक्सलचा ४.१० चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) धरला तर ताशी ५५ ला शाफ्ट सेकंदाला साधारण २५ फेरे घेतो, म्हणजे झटके झाले ५०. कानाला तो ‘खडखड’ लागत नाही, घुमतो. तुम्ही ‘घुमल्यासारखा’ हाच शब्द वापरलाय म्हणून मला एवढी खात्री वाटते.

तरीही गाडी मी पाहिलेली नाही आणि मी इंजिनिअरही नाही. घरच्या शेडमध्ये दोन गाड्या उघडून बांधल्यात, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे आधी पडताळून बघा. मागचा शाफ्ट सोडवून काढा, फोर व्हील हाय टाका आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी मोकळ्या जागेत त्याच वेगाला नेऊन बघा. थरथर गेली तर दोष मागच्या शाफ्टच्या रेषेत आहे. (ट्रान्स्फर केस म्हणजे जोर पुढच्या-मागच्या शाफ्टना वाटणारा गिअरचा डबा. तुमच्या त्या डब्यात शाफ्टचं टोक नुसतं सरकवून बसवलेलं, म्हणजे स्लिप योक, असेल तर हे करू नका, शाफ्ट काढल्यावर तिथून तेल सांडेल.) शाफ्ट हातात आलाच आहे तर दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका पातळीत आहेत का तेही बघून घ्या. शाफ्टचा दातेरी जोड (स्प्लाइन) उघडून बसवताना एक दात जरी सरकला तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात, आणि ती चूक दहा मिनिटांत सुटते. तेवढ्यावरच निभावलं तर मला खूप बरं वाटेल.

निभावलं नाही, तर माझं काय झालं ते ऐका.

पाटे वर घ्यायचे तर ॲक्सलवर नव्या बैठका (पाटे टेकतात ते तुकडे) वेल्ड कराव्या लागतात, आणि त्या कुठल्या कोनात बसवाल त्यावर पिनियनचं तोंड कुठे बघणार ते ठरतं. उंच केलेल्या एका गाडीचा फोटो मी पाहिला होता. तिचा पिनियन सरळ वर, ट्रान्स्फर केसकडे रोखलेला होता, शाफ्ट आणि पिनियन एका रेषेत. बघायला इतकं सुबक वाटलं की मीही तसंच केलं. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर मोजलं ते असं: ट्रान्स्फर केसचं तोंड मागे ४ अंश खाली, शाफ्टचा उतार १७ अंश, पिनियन १५ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसवर १३ अंशांचा कोन आणि मागच्यावर जेमतेम २.

साध्या क्रॉसचा स्वभाव असा की तो वाकडा फिरला की पुढची गती तशीच्या तशी मागे देत नाही. अर्ध्या फेऱ्यात एकदा घाई करतो, एकदा रेंगाळतो. १३ अंशांवर ही घट-वाढ दोन्ही बाजूंना अडीच टक्क्यांच्या आसपास जाते. दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये पुढचा क्रॉस जे बिघडवतो ते मागच्याने निस्तरायचं असतं, आणि त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे लागतात. म्हणून साध्या शाफ्टला पिनियन ट्रान्स्फर केसच्या तोंडाला समांतर हवा, त्याच्याकडे रोखलेला नको. फोटोतल्या गाडीला ट्रान्स्फर केसपाशी डबल कार्डन जॉइंट होता. तो दोन क्रॉसचा जोड पुढचा सगळा वाकडेपणा स्वतःतच जिरवतो, म्हणून तिथे पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवतात. फोटोत मला पिनियन दिसला, जॉइंट दिसला नाही.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र ही नव्हे. ती पुढे आहे.

ज्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट बॅलन्स केला त्यांनी तीन वेळा काम केलं, तीन वेळा पैसे घेतले. एकदाही कुणी विचारलं नाही की गाडीला काय केलंय, कोन किती आहेत. शाफ्ट मशीनवर चढवायचा, वजन चिकटवायचं, परत द्यायचा. तिसऱ्या वेळी मी स्वतः म्हटलं, एकदा गाडीखाली येऊन बघा. उत्तर मिळालं, ‘आमचं काम शाफ्टचं, गाडीचं नाही.’ याचा मला आजही राग आहे. रोज शाफ्ट हाताळणाऱ्या माणसाला कोनाचं माहीत नसेल असं मला वाटत नाही. एक प्रश्न विचारला असता तर माझे पुढचे चार महिने वाचले असते.

मग ‘दोन्ही कोन सारखे हवेत’ हे कुठेतरी वाचलं आणि त्याच रात्री ग्राइंडर घेऊन बसलो. बैठका कापल्या. कापताना ॲक्सलच्या नळीवर दोन ठिकाणी डिस्क घुसली, तिथे वेल्डिंगने भर घातली. पिनियन ४ अंशांवर आणला आणि बैठका पुन्हा जोडल्या, एका बैठकेमागून दुसरी, सलग, थांबलो नाही. नळी हात लावता येणार नाही इतकी तापली होती. सकाळी चालवून पाहिली, घुमणं खरंच कमी झालेलं. मला वाटलं, जमलं.

तीन आठवड्यांनी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. ड्रम उघडला तर डिफचं (ॲक्सलमधल्या गिअरांचं) तेल ब्रेक शूवर आलेलं. लायनिंग काळी, चिकट, बोटाने चोळली तर दाट तेलाची तार निघत होती. गाडी ब्रेक लावल्यावर एका बाजूला खेचत होती आणि मी ते नव्या टायरच्या माथी मारत होतो. सील बदललं, पुन्हा गळलं. शेवटी दोन्ही रिममधलं अंतर टेपने मोजलं: वर मोजलं ते खालच्यापेक्षा ६ मिलिमीटर कमी. मागचा ॲक्सल सरळसोट नळी, तिला कॅम्बर (चाकांचा आत-बाहेर कल) असायचं कारणच नाही. बैठका नळीच्या वरच्या अंगाला, वेल्डिंग थंड होताना तिथलं लोखंड आकसलं आणि नळीची दोन्ही टोकं वर खेचली गेली. हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचा अख्खा सांगाडा, वाया गेलं.

आणि सगळं उलगडल्यावर जे कळलं ते हे: मी जे वेल्डिंग कापून काढलं ते बरोबर होतं. शाफ्ट १७ अंश, पिनियन १५ अंश, म्हणजे रेषेपेक्षा २ अंश खाली. डबल कार्डनच्या शाफ्टला नेमकं एवढंच हवं असतं, कारण जोर आला की पिनियन थोडा वर चढतो. चुकीचा होता तो शाफ्ट. बैठकांना हात न लावता शाफ्ट बदलला असता तर दुपारचं काम होतं. पुढे दुसरं हाउसिंग आणलं, बैठका परत १५ अंशांवर बसवल्या, डबल कार्डनचा शाफ्ट घातला. घुमणं गेलं ते कायमचं.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो, तुमचा पिनियन वर बघत असेल तर ग्राइंडरला हात लावू नका. इतक्या छोट्या व्हीलबेसच्या गाडीला पाटे वर घेतल्यावर मागचा शाफ्ट आखूड आणि उभा होतो. कोन समांतर केले तरी दोन्ही क्रॉस १२-१३ अंशांवर कायम राबत राहतात आणि लवकर खलास होतात. माझं मत, अशा गाडीला डबल कार्डनशिवाय पर्याय नाही. काही जण साध्या शाफ्टवर वर्षानुवर्षं चालवतात, ते खोटं बोलत नसतील, पण लांबच्या प्रवासाला मी तशी गाडी काढणार नाही.

चूक दोन-तीन अंशांचीच असेल तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर घाला. पोलादी घ्या, ॲल्युमिनियमच्या पाचरी मऊ असतात, चेंगरतात. पाचर घातली की पाट्यांचा सेंटर बोल्ट आखूड पडतो, त्याचं डोकं बैठकेच्या भोकात पुरेसं बसतंय ना ते बोटाने चाचपून बघा. तिथे तो निसटला तर ॲक्सल सरकतो.

आणि कुणी पहिल्यांदाच बैठका बसवत असेल तर नुसते टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारा, गाडी घोड्यांवरून (स्टँडवरून) उतरवून चाकांवर उभी करा, पुढेमागे ढकलून पाटे बसू द्या, मग कोन मोजा. घोड्यांवर लोंबकळत्या ॲक्सलचा कोन आणि वजन घेतलेल्या ॲक्सलचा कोन यांत बराच फरक पडतो. पक्कं वेल्डिंग बोटभर लांबीच्या तुकड्यांत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधे हात ठेवता येईल इतकं थंड होऊ देत. पाणी मारून थंड करू नका. त्याआधी ॲक्सल शाफ्ट आणि सील काढून ठेवा, बॅटरीच्या तारा सोडा. आणखी एक, हे मी प्रत्येकाला सांगतो: जिथे वेल्डिंग करायचंय ती जागा ब्रेक क्लीनरने पुसू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा अंश वेल्डिंगच्या आर्कमध्ये गेला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. फडका आणि वायर ब्रश पुरे.

पिनियन इतका वर उचलला की त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं. डिफची तेलाची पातळी नेहमीच्या भोकापेक्षा थोडी वर ठेवावी लागते. हे मला बेअरिंग कुरकुरायला लागल्यावर समजलं.

पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) घालून अजून दोन इंच उंची घ्यायचं तुमच्या मनात आहे, ते कृपा करून करू नका. दोन इंच लांब शॅकलने उंची मिळते एकच इंच, कारण ॲक्सल पाट्याच्या मधोमध असतो. वर तुमच्या गाडीत शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, ते लांबवलं की ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, वळणानंतर आपणहून परत येत नाही. पुढच्या ॲक्सलमध्ये कॅस्टर आणि पिनियनचा कोन एकमेकांना बांधलेले असतात, एक सुधारायला गेलात की दुसरा बिघडतो. नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा भाग) कापून फिरवल्याशिवाय ते सुटे होत नाहीत, आणि ते काम घरी करू नये असं माझं ठाम मत आहे.

गाडीतल्या बदलांच्या कागदपत्रांबद्दल मी फार बोलत नाही, नियम जागोजागी वेगळे असतात. ज्या कार्यालयात मी गेलो तिथे बदल करण्याआधीच्या मोजमापांचा दाखला मागितला. तो बदल झाल्यावर आणायचा कुठून? आधी विचारायला गेलो होतो तेव्हा ‘आधी काम करा, मग बघू’ असं तोंडी सांगणारे तिथलेच होते. तेव्हा विचाराल ते लेखी विचारा, आणि काही कापण्याआधी टेप धरून उंचीचे फोटो काढून ठेवा. तुमचं काम होऊन गेलंय, पण पुढचा ॲक्सल अजून मूळचाच दिसतोय, निदान त्याचे तरी काढा.

आता एवढं करा. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर, टाकी अर्धी. ट्रान्स्फर केसच्या फ्लॅन्जचा (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतो त्या चकतीचा) कोन, शाफ्टचा उतार आणि पिनियन फ्लॅन्जचा कोन, हे तीन आकडे मोजा. फोनमधली लेव्हलही चालेल, फक्त प्रत्येक जागा कानशीने घासून रंग काढा आणि दोनदा मोजा. सोबत मागच्या रिममधलं वरचं आणि खालचं अंतरही लिहा. हे आकडे इथे टाका, मग पाचर, शाफ्ट की आणखी काही ते बोलू. तोवर मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, तेल लागतंय का. लागलं तर गाडी रस्त्यावर काढू नका.