नोट रंगवताय? आधी सावली सांभाळा

तपकिरी फळीवर खरीच नोट चिकटवलीय असा भ्रम व्हावा, असं चित्र काढायचंय. पहिल्याच चित्राला करकरीत नोट घेऊ नका. मळलेली, घड्या पडलेली, कडा फाटलेली घ्या. अमेरिकन चित्रकार विल्यम हार्नेटने 1877 साली रंगवलेली पाच डॉलरची नोट तशीच आहे. कॅनव्हासचं विणकाम भ्रम मोडतं, म्हणून लाकडी फळी बरी: जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) चार-पाच हात, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर.

डोळा फसतो तो सावलीमुळे, नक्षीमुळे नाही. काळा रंग वापरलात की नोट फळीपासून सुटून तरंगायला लागते. चित्रातल्या फळीचाच तपकिरी गडद करा. कागद टेकलाय तिथे सावली केसाएवढी, धारदार. कोपरा उचललाय तिथे रुंद, पुसट. नक्षीसाठी आधी करडा-हिरवा टोन, वाळल्यावर शून्य नंबरच्या ब्रशने रेघा. सगळ्या रेघा मोजून काढू नका, घडीवर त्या तुटू द्या.

कायद्याचं भान ठेवा. 1886 मध्ये सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे बनावट नोटा पकडणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने, रंगवलेल्या नोटांवरून हार्नेटला गाठलं होतं. अशीच चित्रं काढणारा जॉन हेबर्ले मात्र पुढेही नोटा रंगवत राहिला! आज अमेरिकेत डॉलरची रंगीत प्रतिमा एकाच बाजूची, लांबी-रुंदीत मूळच्या पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठी लागते.